रोज एक मूठ ज्वारी : मंडळीतल्या घरांना आवाहन

प्रिय मंडळी, सर्वांना सलाम.

रविवारी चर्चमध्ये अर्पणाची थैली रांगेतून फिरायला लागली की खिसे चाचपणं सुरू होतं. पाचशेची नोट मागं सरते, दहाची पुढं येते. हे लिहिणाराही त्याच रांगेत बसतो, तेव्हा कुणी वाईट वाटून घेऊ नये. पंच कमिटी आणि महिला मंडळानं यंदा जे ठरवलंय त्याचा संबंध खिशापेक्षा ज्वारीच्या डब्याशी जास्त आहे.

सकाळी भाकरीला बसण्याआधी डब्यातली एक मूठ ज्वारी वेगळ्या डब्यात टाकायची. रोज. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो डबा चर्चमध्ये आणायचा. त्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या होतील आणि दर शुक्रवारी संध्याकाळी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पेशंटसोबत आलेल्या नातेवाइकांना दिल्या जातील.

पेशंटच्या जेवणाची सोय असते. पण अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून, अगदी विजापूरकडूनही आलेला सोबतचा माणूस चार-चार दिवस चहा-बिस्किटावर काढतो. मागच्या महिन्यात आम्ही दोन शुक्रवार जाऊन आलो. पायरीवर चादर अंथरून एक मामा बसले होते. कन्नड बोलणारे, मराठी मोडकंतोडकं. हातात दोन भाकऱ्या आणि शेंगाचटणीची पुडी दिली. त्यांनी एक भाकरी मोडून पेल्यातल्या पाण्यात भिजवली, दुसरी उपरण्यात बांधली. “मंडे म्हातारीला डबा नाही येत,” म्हणाले. म्हणजे शुक्रवारची भाकरी सोमवारसाठी. कडक भाकरीच का, हा प्रश्न आमच्यापुरता तिथंच मिटला.

आता आमची चूकही सांगतो. पहिल्या खेपेला आम्ही ज्वारीऐवजी पीठ मागवलं. कुणाचं कालचं, कुणाचं तीन आठवड्यांपूर्वीचं, सगळं एकत्र झालं. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली. थापताना भाकरी तुटायला लागली, चवही कडवट. महिला मंडळाच्या बायकांनी आमच्याकडे जे बघितलं, ते इथं लिहीत नाही. म्हणून पीठ नको. ज्वारीच द्या, निवडलेली द्या. मालदांडी जातीचीच हवी असा हट्ट नाही. मात्र आपल्या घरात जी खातो तीच द्यावी. कीड लागली म्हणून बाजूला काढलेली नको.

पवित्र शास्त्रात लेवीय १९:९-१० मध्ये शेतकऱ्याला सांगितलंय की शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नको आणि सरवा वेचू नको, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. परदेशी विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली ती याच रिवाजावर. सरवा म्हणजे नको असलेलं धान्य नव्हे. कापणी चालू असतानाच हात आवरून मागं ठेवलेलं धान्य. आपल्यापैकी बहुतेकांचं शेत राहिलेलं नाही; कुणी विड्या वळतं, कुणी मागावर आहे, कुणाची पेन्शन आहे. तेव्हा आपली शेताची कड म्हणजे तो डबाच. आपल्याकडं बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात, पण डब्याचा खरा कारभार कुणाच्या हाती असतो ते सांगायला नको. आणि प्रेषित पौलाच्या हिशेबानं कारभाऱ्याकडून मागणी एकच, तो विश्वासू असावा.

हिशेब असा. तराजूवर घातली तर एक मूठ साधारण पन्नास ग्रॅम भरते. महिन्याला एका घराची दीड किलो. चाळीस घरांनी मनावर घेतलं तर साठ किलो, म्हणजे सहाशेच्या आसपास भाकऱ्या. चार शुक्रवारांत वाटल्या तर दर खेपेला पंचाहत्तर जणांना दोन-दोन. दळण, गॅस आणि चटणीच्या शेंगदाण्याचा खर्च वेगळा. ज्यांच्या घरी चपातीच होते त्यांनी शेंगदाणे, लसूण, लाल तिखट किंवा रोख रक्कम द्यावी. ज्यांना तेही जमत नाही त्यांनी गुरुवारी दुपारी भाकरी थापायला यावं. भाकरी थापता येणाऱ्या हातांची टंचाई ज्वारीपेक्षा मोठी आहे, हे तरुण संघाच्या मुलींनी (आणि मुलांनीही) ध्यानात घ्यावं. शुक्रवारी भाकऱ्या न्यायला दोन दुचाकीवाले लागतील.

रोख रकमेची पेटी कमिटीतल्या दोघांसमोर उघडली जाईल. किती ज्वारी आली, किती भाकऱ्या झाल्या, किती पैसे खर्चले, ते सगळं दर महिन्याला दाराजवळच्या फळ्यावर लिहिलं जाईल. देणाऱ्याचं नाव मात्र लिहिणार नाही. कुणाचा डबा अर्धा भरला याची चर्चा उपासनेनंतर व्हायला नको.

भाकरीसोबत धर्मप्रसाराच्या पत्रिका वाटायच्या का, असं एकदोघांनी विचारलं. नाही. घेणाऱ्याची जात, धर्म, गाव काही विचारायचं नाही. कुणी आपणहून प्रार्थना करायला सांगितलं तर जरूर करावी.

येत्या रविवारी उपासनेनंतर झाकणाचे रिकामे डबे वाटले जातील. घरात जुना डबा असेल तर तोच वापरावा, तेवढाच खर्च वाचेल. आमच्यातल्या एका विडी कामगार आजींनी पावडरचा जुना डबा धुऊन, उन्हात वाळवून आत्ताच भरायला घेतलाय. वास गेलाय का, ते त्या रोज हुंगून बघतात.

आपले,
पंच कमिटी व महिला मंडळ, सोलापूर