पूर्ण मिनिट

भांडुप,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

दुपारी अर्ध्या ताटावरून उठलास. पेशंटचे श्वास स्वतः मोजत जा म्हटलं, तर "आई, आता मॉनिटर असतात गं," एवढंच म्हणालास आणि मी केवढ्यांदा ओरडले. पहिल्या नाईटला निघालेल्या पोराला कुणी असं पाठवतं का? चुकलं माझं. तो विषय आता काढणार नाही.

पण राजा, बोटाला लावलेली क्लिप ऑक्सिजन सांगते, दमणूक नाही सांगत. ऑक्सिजनचा मास्क लावला की 97 दिसतात आणि पेशंट मिनिटाला 34 श्वास घेत थकत चाललेला असतो. घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोज. पेशंटला कळू देऊ नकोस, कळलं की श्वास बदलतो. नाडी बघतोयस असं दाखवायचं आणि छातीकडे बघायचं.

आमच्या वॉर्डात चार्टवर आम्ही सगळ्याच 'श्वास 20' लिहायचो. न मोजता. एका रात्री 14 नंबरच्या काकू कॉटच्या कडेवर दोन्ही हात रोवून, पुढे वाकून बसल्या होत्या. "झोप... येत नाही... सिस्टर." एवढंसं वाक्य, तीन तुकड्यांत. मी उशी नीट केली आणि 20 लिहिलं. पहाटे साडेचारला आम्ही त्यांची छाती दाबत होतो. त्या गेल्या. हे तुझ्या बाबांनाही कधी सांगितलेलं नाही.

म्हणून सांगते, वाक्य पुरं होतंय का ते ऐक. गळ्याखालचा खळगा आत ओढला जातोय का बघ. शुगरचा पेशंट खोल खोल, भराभर श्वास घेतोय आणि छाती मात्र साफ आहे, तर कीटोन, म्हणजे रक्तात साठणारं आम्ल, बघ. ते कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरने 1874 मध्येच लिहून ठेवलंय. दम्याच्या पेशंटच्या छातीतली शिट्टी एकदम बंद झाली तर बरं वाटलं समजू नकोस, हवाच आत जात नसते. आणि बेशुद्ध माणूस मधूनच आचका देतो ना, तो श्वास नव्हे. तिथे वाट बघायची नाही, छाती दाबायला लाग, सीपीआर सुरू.

झालं माझं लेक्चर. हे सगळं तू पेपरात लिहून पास झालास. डॉक्टरला सिस्टरने शिकवावं का, असं वाटलं तर माफ कर.

आजीची शेवटची रात्र आठवते? श्वास वाढत वाढत जायचा, मग बारीक होत होत थांबायचा. मावशी म्हणाली, ऊर्ध्व लागलाय, गंगाजळ आणा. तू नववीत होतास. श्वास थांबला की माझ्याकडे बघायचास, सुरू झाला की आजीकडे. रात्रभर. त्याला चेन-स्टोक्स म्हणतात हे तूच मला सेकंड इयरला असताना सांगितलंस, जसं काही मला ठाऊकच नव्हतं. मी गप्प ऐकून घेतलं. किती छान सांगत होतास!

बाबा झोपलेत. मोजले, 16 आहेत.

उद्या शेजारच्या दादाबरोबर डबा पाठवते, घावने आणि काळ्या वाटाण्याची उसळ. ड्युटी संपली की आधी जेव, मग झोप. आणि कितीही गर्दी असली तरी पूर्ण मिनिट, तीस सेकंदांची दुप्पट नको.

तुझी,
आई