होकार कळवलाय, आता काळजी नको

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बँकेच्या पुण्याच्या ट्रेनिंग सेंटरला मी हो म्हणून कळवलंय. फोनवर सांगितलं असतं तर आईने "झेपेल का गं तुला?" विचारलं असतं आणि मी डगमगले असते, म्हणून पत्र. दोनच वर्षांची नेमणूक आहे. कॅश जुळेपर्यंत थांबायची कटकट नाही, शनिवार-रविवार सांगलीला येता येईल. आणि खरं सांगू, मला शिकवायचंच होतं.

रोज वर्गभर लोकांसमोर बोलायचं म्हटल्यावर तुम्हाला ती 1 ऑगस्टची टिळक पुण्यतिथी आठवणार. बाबा, तुम्ही लिहून दिलेलं भाषण सुंदरच होतं. शेंगांच्या टरफलांपाशी माझी पाटी कोरी झाली, त्यात तुमचा काही दोष नव्हता. शब्दन् शब्द पाठ केलं की एक निसटला तरी पुढचा सापडत नाही. भीतीने ॲड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते आणि चालू वाक्य धरून ठेवणारं डोकंच गडबडतं. आता मी पाठ करते ती फक्त पहिली दोन वाक्यं. बाकीचे मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर, ठळक अक्षरांत. अडकले की पाण्याचा घोट घ्यायचा, श्वास सावकाश सोडायचा आणि आधीचं वाक्य पुन्हा म्हणायचं. ऐकणाऱ्यांना वाटतं, बाई मुद्दा ठसवतायत!

हे जमलं टोस्टमास्टर्स नावाच्या, भाषणाचा सराव करायच्या क्लबात. (आई, चेन मार्केटिंग नाही ते. 1924 पासून चालू आहे.) तिथे ऐनवेळी विषय देतात, एक-दोन मिनिटं बोलायचं, आणि एकजण आपले "अं... म्हणजे..." मोजत बसतो. माझे हात अजूनही गार पडतात. पडू देते.

गांधीजीसुद्धा मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्या खटल्याला उभे राहिले तेव्हा त्यांच्या तोंडून एक प्रश्न फुटला नव्हता. तीस रुपये फी परत देऊन बाहेर पडले. इतिहासाचे मास्तर तुम्ही, हे मला तेव्हाच सांगायचं ना बाबा!

खोली कर्वेनगरात आहे. गीझर आहे, ऊन येतं, खालीच पोळीभाजी केंद्र आहे. फक्त आई, मेतकूट पाठव. पोटात गोळा आला की मला अजून तुझा मऊ भातच लागतो, आणि निघताना तळहातावर ठेवायचीस ते दही-साखर. इथे माझं मीच ठेवून घेते, पण हात तुझा नसतो गं.

आता ऐका. बाबांनी "आज बरं वाटतंय" म्हणून बीपीची गोळी चुकवायची नाही. आईने माळ्यावर चढायचं नाही, दिवाळीचे डबे मी आल्यावर काढेन. गुडघ्याचा एक्स-रे याच आठवड्यात, रिक्षाने जायचं, बस नको. हे रागावून म्हणत नाहीये.

सोमवारी पहिला वर्ग, विषय केवायसी. रविवारी रात्री फोनवर तुम्हाला म्हणून दाखवेन. बाबा, मध्ये थांबवून चुका काढायच्या नाहीत, सगळं झाल्यावर सांगा.

तुमची,
मनी