आडम मास्तरांना, कुंभारीच्या एका घरातून

आदरणीय नरसय्या आडम मास्तर,
लाल सलाम.

विडी कामगारांचे कम्युनिस्ट नेते म्हणून सोलापूर तुम्हाला ओळखते; हे पत्र अशाच एका विडी कामगार घरातले, आईचे आणि माझे, दोघींचे आहे. घरात आम्ही तेलुगू बोलतो. आईला मराठी सगळे समजते, पण लिहिण्याची वेळ आली की सहीपुढे तिचा हात जात नाही. म्हणून ती सांगते आहे आणि मी लिहिते आहे. काही वाक्ये माझी आहेत, ती तिने ऐकून मान्य केली आहेत.

सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर घरकुल ही वसाहत आहे, तिथल्या आमच्या घराच्या कागदावर आईचे नाव आहे. वडिलांचे नाही, मामाचे नाही. त्याआधी सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही भाड्याच्या एका खोलीत राहायचो. त्याच खोलीत चूल, त्यातच झोपणे आणि त्यातच विड्या. पाने भिजवायची, कापायची, सूप मांडीवर घेऊन तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागे. कारखान्यात माल द्यायला गेले की छाट निघायची, म्हणजे काही विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जायच्या, आणि तेवढ्या विड्यांची मेहनत फुकट जायची. सोलापुरात साठ-सत्तर हजार बायकांचे आयुष्य असे गेले. अशा बाईच्या नावावर घर होईल, असे आमच्या गल्लीत कुणी म्हटले असते तर आईनेच त्याला गप्प केले असते.

तुम्ही ते बोललात, आणि नुसते बोलून थांबला नाहीत. दहा हजार घरे. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि कामगार बाईचा स्वतःचा वाटा. हा तिसरा वाटा भरताना घरात किती ओढाताण झाली ते आई अजून सांगते. पण त्या वाट्यामुळेच ती आजवर एकदाही ‘सरकारने घर दिले’ असे म्हणालेली नाही. ‘मी घेतले’ म्हणते. मास्तर, तुमचे सर्वात मोठे उपकार मला यात दिसतात. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग सोलापुरात आले आणि विडी कामगारांना घरे मिळाली, तेव्हा या बायका कुणापुढे वाकलेल्या नव्हत्या.

वसाहतीला गोदूताईंचे नाव दिलेत, त्याबद्दलही आभार. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांना वेठबिगारीतून उभे करणारी ही बाई कोण, हे मी शाळेत असताना पुस्तकातून नाही, आमच्या पत्त्यावरून विचारायला शिकले.

सगळे गोड होते असे नाही. घरकुल शहरापासून लांब, सुरुवातीला पाण्याचे हाल, बसची वाट बघण्यात तास जायचे. कारखान्याला जाऊन येणे म्हणजे अर्धा दिवस. या तक्रारी घेऊन बायका दत्त नगरच्या लाल बावटा, म्हणजे युनियनच्या, कार्यालयातच जायच्या, तुम्ही आमदार असा की नसा.

याबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे. 1978, 1995 आणि 2004 अशा तीन वेळा सोलापूरने तुम्हाला विधानसभेत पाठवले. मध्ये मोठमोठी अंतरे आहेत. 2009 ला तुम्ही हरलात, त्यानंतरही हरलात, 2024 लाही हरलात. बाहेरचा माणूस हा आलेख बघेल तर त्याला पराभवच जास्त दिसतील. आम्हाला मात्र या वर्षांमध्ये एक साधी गोष्ट दिसते: गोदूताई घरकुल झाले तेव्हा तुम्ही आमदार होतात, आणि त्याच्या तिप्पट मोठी रे नगर ही कामगारांची वसाहत उभी राहिली तेव्हा तुम्ही आमदार नव्हता. तीस हजार घरे! विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणाऱ्या बायका, ड्रायव्हर. ज्यांची पगाराची स्लिप कधीच निघत नाही, अशी ही माणसे. खुर्ची गेल्यावर मंत्रालयाच्या आणि दिल्लीच्या पायऱ्या चढणे किती कठीण असते, हे खुर्ची असलेल्यांना कळणार नाही. मोर्चे काढत, फायली पुढे ढकलत तुम्ही ते केलेत.

9 जानेवारी 2019 ला रे नगरचे भूमिपूजन पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते झाले. तेव्हा त्यांचे कौतुक केले म्हणून तुमच्याच मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने तुम्हाला तीन महिन्यांसाठी केंद्रीय समितीतून निलंबित केले. त्या दिवसांत आमच्याकडे फार चर्चा झाली. कम्युनिस्ट माणूस त्या व्यासपीठावर का, असे विचारणारेही होते. पक्षाची शिस्त मला समजते, तिचा मी अनादर करत नाही. पण जिच्या डोक्यावर छप्पर नाही तिच्यासाठी समोर कुठलेही सरकार असो, त्याच्याकडून हक्काचे काढून घ्यायचे, ही तुमची रीत मला बरोबर वाटते. ज्यांच्याविरुद्ध तुम्ही आयुष्यभर भाषणे केलीत त्यांच्याकडूनही तुम्ही कामगाराचे घर मिळवलेत, आणि लाल बावटा खाली ठेवला नाहीत. 19 जानेवारी 2024 ला पहिली पंधरा हजार घरे दिली गेली. त्यातले एक माझ्या मावशीला मिळाले. तीही विडीवालीच.

आईची बोटे आता वळत नाहीत. तिच्या पिढीतल्या बहुतेकींचे हेच झाले आहे, आणि त्यांच्या मुली या कामात आल्या नाहीत. मी नर्सिंग शिकले, धाकटी बहीण कॉमर्स करते आहे. अभ्यासाला वेगळी जागा नसती, घरमालक दर वर्षी भाडे वाढवत राहिला असता, तर मीही सूप मांडीवर घेतले असते. मी शिकायचे ठरवले हे खरे, पण ठरवायला जागा तुमच्या लढ्याने दिली.

एक काम मात्र उरले आहे, ते आईने मुद्दाम लिहायला सांगितले आहे. आयुष्यभर विड्या वळून भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन महिन्याला हजार रुपयांच्या आसपास. एवढ्यात औषधेही भागत नाहीत. पेन्शनवाढीसाठी युनियन लढते आहे, पुढचा मोर्चा निघेल तेव्हा आईला चालवणार नाही. तिच्या जागी मी येईन, सुट्टी काढून येईन, आणि आमच्या वॉर्डातल्या दोघीतिघी मैत्रिणींनाही घेऊन येईन. त्यांच्याही आया विडीवाल्याच आहेत.

तब्येतीला जपा, मास्तर.

आपल्या,
गोदूताई परुळेकर घरकुलातली एक विडी कामगार आणि तिची मुलगी