पिपाणी आणि बाबांची तक्रार

रँडबर्ग, जोहान्सबर्ग
४ जुलै २०१०

ती. बाबांस सा. न.

परवा फोनवर तुम्ही तणतणत विचारलंत, "त्या पिपाण्या बंद करायला तिथे कुणी माणूस नाही का?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नेमकी खाली रस्त्यावर एकाने फुंकली. तुम्ही "हे बघ, हेच!" म्हणून फोन ठेवलात. म्हणून आज रविवारी सवडीने लिहायला बसले आहे.

तुमची तक्रार मला पाठ झाली आहे. टीव्हीवर फुटबॉल विश्वचषकाचा सामना लावला की मोहोळ उठल्यासारखं घूंऽऽ सुरू होतं ते नव्वद मिनिटं थांबत नाही. पूर्वी रेडिओवर समालोचक बोलायच्या आधीच लोकांच्या आवाजावरून चेंडू कुठे पोचला ते कळायचं, आता डोळ्यांनी बघूनही कळत नाही. त्यातलं निम्मं मला पटतं. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र.

आधी त्या पिपाणीची ओळख करून देते. नाव वुवुझेला. दोन फुटांहून थोडी लांब, प्लॅस्टिकची, भोकं नाहीत की कळा नाहीत. आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये सोवेटोचा, म्हणजे जोहान्सबर्गजवळच्या काळ्या लोकांच्या वस्तीतला, एक जुना माणूस आहे, कैझर चीफ्स या फुटबॉल क्लबचा कट्टर. सगळे त्याला मदाला म्हणतात, म्हणजे आपल्याकडे म्हातारबा म्हणतात तसं. मे महिन्यात जेवणाच्या सुट्टीत त्याने आपली पिवळी वुवुझेला माझ्या हातात दिली. मी गाल फुगवून जोर लावला, तर दुसऱ्या टोकातून नुसता वारा. तो म्हणाला, फुंकायची नसते, ओठ मिटून घोड्यासारखे फुरफुरवायचे. चौथ्या-पाचव्या खेपेला म्हैस रेकावी तसा एकदम आवाज निघाला आणि मीच दचकले. ओठांना संध्याकाळपर्यंत मुंग्या येत होत्या.

म्हणजे आवाज करतात ते ओठ, नळी फक्त ती थरथर एका सुरात बांधते आणि मोठी करते. तो सूर कोणता ते आईच्या पेटीवर बघा. मधली पांढरी एक आहे ना, तिच्या लगेच खालची काळी पाच. सेकंदाला सुमारे २३३ कंपनं. एकट्याने वाजवली तर ती बऱ्यापैकी काळी पाच असते. पण हजारो माणसं वाजवतात तेव्हा प्रत्येकाचा सूर केसभर इकडेतिकडे पडतो, आणि न जुळलेल्या तंबोऱ्यासारखे ते एकमेकांवर घासत राहतात. तुमचं मोहोळ ते हेच. टीव्हीवाल्यांनी २३३ आणि त्याच्या पटीतले ४६६, ६९९ असे सूर गाळून पाहिलेत. अडचण अशी की माणसाचं बोलणंही त्याच पट्ट्यातून जातं, त्यामुळे जास्त गाळलं की समालोचक माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. बीबीसीकडे म्हणे पाचशेवर तक्रारी गेल्या. विम्बल्डनवाल्यांनी तर आमच्याकडे आणूच नका म्हणून आधीच सांगून टाकलं.

ही नक्की कुणाची, यावर इथेही भांडण आहे. चीफ्सचा एक नावाजलेला चाहता आहे, फ्रेडी माके. त्याचं म्हणणं, १९६५ मध्ये सायकलच्या ॲल्युमिनियमच्या भोंग्याचा रबरी फुगा काढून त्याने ती तोंडाने वाजवायला घेतली. झुलू लोकांत शेंबे पंथाचं चर्च आहे, ते म्हणतात लांब कर्णे आमच्या उपासनेतले, तुम्ही ते मैदानावर नेलेत. प्लॅस्टिकची मात्र २००१ च्या सुमारास केपटाउनकडच्या एका कारखानदाराने काढली आणि मग ती घरोघरी झाली. मदालाला विचारलं तर तो चीफ्सचा असल्यामुळे निकाल कुणाच्या बाजूने लागला ते तुम्ही ओळखलंच असेल.

आता कानांचं. आईला सांगा, माझे शाबूत आहेत. आमच्या कारखान्यात ८५ डेसिबलच्या वर गेलं की कान झाकणं सक्तीचं असतं. प्रिटोरिया विद्यापीठातल्या लोकांनी वुवुझेला मोजली तेव्हा तिच्या तोंडाशी १३१ डेसिबल भरले आणि दोन मीटरवर ११३. हा आकडा मी कामाच्या ठिकाणी पाहिला असता तर यंत्र बंद करायला लावलं असतं. तेव्हा पुढच्या रांगेतल्या पोराच्या कानामागे कुणी फुंकत असेल तर ते वाईटच, तिथे संस्कृतीबिंस्कृती काही नाही. मी कारखान्यातले कानातले बोळे खिशात घालूनच सामन्याला गेले.

तो सामना १५ जूनचा, इथल्या एलिस पार्क मैदानावर, ब्राझील आणि उत्तर कोरिया. इथल्या रहिवाशांसाठीचं सगळ्यांत स्वस्त १४० रँडचं तिकीट मिळालं होतं. रात्री साडेआठला सुरू, तुमचे बारा. थंडी म्हणाल तर हातमोज्यातही बोटं वाकत नव्हती, आणि गोठलेल्या ओठांनी लोक वाजवतात कसे याचंच मला कोडं. बोळे घालून आवाज कमी झाला, पण तो खुर्चीतून पाठीत आणि तिथून छातीत शिरत होता. टीव्हीवर डास गुणगुणल्यासारखा पातळ ऐकू येतो ना, तिथे तो जाडजूड असतो, घोंगडीसारखा अंगावर पडतो.

राष्ट्रगीतांच्या वेळी वाजवू नका, असं संयोजन समितीच्या डॅनी जॉर्डान यांनी आधीच लोकांना सांगितलं होतं. आमच्या बाजूचे बरेच जण थांबले, दोघंचौघं नाही थांबले. कोरियाचा तो जोंग ते-से राष्ट्रगीताला घळाघळा रडत होता, तुम्ही जवळून पाहिला असेल, मला मोठ्या पडद्यावर दिसला.

मग पंचावन्नाव्या मिनिटाला मायकॉनने उजवीकडून, जवळजवळ गोलरेषेवरून, जिथून मारायला जागाच नव्हती तिथून चेंडू आत घातला. बाबा, तुमची तक्रार मला तिथे शब्दशः पटली. आवाज चढलाच नाही. चढणार कसा, तो आधीच शिगेला होता! पण एक वेगळंच घडलं. घूं एकदम विरळ झालं आणि खालून माणसांचा आवाज वर आला. मी शेजारच्या बाईकडे पाहिलं, तिने वुवुझेला काखेत मारली होती आणि ती बेंबीच्या देठापासून ओरडत होती. एका तोंडाने दोन्ही कामं होत नाहीत! मजा आली की भोंगा तोंडातून सुटतो. धास्ती वाटली तरी सुटतो. काही घडत नसतं, चेंडू मधल्या मधे फिरत असतो, तेव्हाच तो सगळ्यांत जोरात वाजतो. सामना कंटाळवाणा झाला की लोक वाजवतात.

हे एकदा लक्षात आल्यावर मी त्या रात्री उरलेला सामना तसाच ऐकला. ब्राझीलचा दुसरा, एलानोचा गोल, शेवटी ८९व्या मिनिटाला कोरियाच्या जी युन-नामचा गोल, दोन्ही वेळा आधी आवाजात खड्डा पडला. तुम्ही चढ ऐकायला बसता म्हणून हाती काही लागत नाही. उतार ऐका. टीव्हीचा आवाज थोडा वाढवा (होय, वाढवा) आणि घूं कधी फाटतंय तेवढं बघा.

खेळाडूंची रड मात्र मला अर्धवटच पटते. फ्रान्सचा एव्हरा म्हणाला, सकाळी सहापासून वाजवतात, झोप होत नाही, मैदानात एकमेकांचं ऐकू येत नाही. पुढे याच फ्रान्सच्या संघाने सरावावर बहिष्कार टाकला आणि एका गुणावर घरी गेला. त्यांचं घर पिपाणीने नाही मोडलं. मेस्सी म्हणाला बहिऱ्यासारखं वाटतं, तरी अर्जेंटिना कालपर्यंत होती की. स्पेनच्या आलोन्सोने तर गेल्या वर्षी कॉन्फेडरेशन्स चषकातच बंदी मागितली होती, तेव्हा फिफाचे अध्यक्ष ब्लाटर म्हणाले होते की आफ्रिकेतल्या विश्वचषकाला युरोपचा करायला जाऊ नका. काल तोच आलोन्सो उपांत्य फेरीत पोचला. पेनल्टी त्याने घातली, पंचांनी परत घ्यायला लावली, परतची अडवली गेली, आणि यातल्या कशाचंही खापर भोंग्यावर फोडता येत नाही. आवाज शेवटी दोन्ही संघांना सारखाच.

पण शुक्रवारी हॉलंडच्या पहिल्या गोलला ब्राझीलचा गोलकीपर आणि फेलिपे मेलो एकमेकांवर आदळले ते पाहून मी जरा गप्प झाले. दोघेही एकाच चेंडूसाठी उडाले. गोलकीपर "माझा!" म्हणून ओरडला असेलही. ऐकणार कोण? इतक्या जवळूनही कदाचित नाही. तेवढं मी तुमच्या बाजूने लिहून ठेवते.

आणि खरं नुकसान यात धरतच नाहीत. मदालाच सांगतो की त्याच्या तरुणपणी स्टँडमध्ये गाणी असायची. एकजण उचलायचा, बाकीचे चार सुरांत झेलायचे. वर्णभेदाच्या काळात मोर्च्यात, खाणीत, मयतीला, सगळीकडे इथले काळे लोक गायले, आणि फुटबॉल त्यांचाच खेळ होता, रग्बी-क्रिकेट गोऱ्यांचं. वुवुझेला आली आणि गाणं बुडालं, कारण तिला शिकावं लागत नाही. जॉर्डानही तेच म्हणाले, मला गाणं जास्त आवडतं. मी मदालाला विचारलं, मग तू का वाजवतोस? म्हणाला, आता घसा राहिला नाही.

तरी बंदीला माझा हात वर होणार नाही. मे महिन्यात प्रिटोरियाच्या बुल्स या रग्बी संघाला आपलं मैदान विश्वचषकासाठी सोडावं लागलं, म्हणून त्यांचा उपांत्य आणि अंतिम सामना सोवेटोत ऑर्लँडो स्टेडियमवर झाला. आयुष्यात कधी सोवेटोत पाऊल न टाकलेले गोरे आफ्रिकानर निळे शर्ट घालून आले, आणि मदालाच्या गल्लीत उभं राहून त्याच्या शेजाऱ्यांकडून ओठ कसे फुरफुरवायचे ते शिकत होते. त्या गल्लीत १९७६ साली वर्णभेदी सरकारच्या पोलिसांनी शाळकरी पोरांवर गोळ्या झाडल्या होत्या. तो मला हे सांगताना हसत होता, इतकं बेसूर वाजवत होते म्हणे ते.

परवा, शुक्रवारी रात्री, घाना आणि उरुग्वेचा सामना मी मदालाच्याच अंगणात पाहिला. आपली बाफाना बाफाना, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा संघ, तर गटातच बाद झाली (यजमान पहिल्याच फेरीत बाद होण्याची ही पहिलीच वेळ), तेव्हापासून सगळा देश घानाचा आहे. खिडकीत टीव्ही, पत्र्याच्या डब्यात पेटवलेले निखारे, वीसेक माणसं आणि निदान दहा भोंगे. सामना चालू होता ते सॉकर सिटी मैदान तिथून जवळ, त्यामुळे टीव्हीतल्या आवाजाच्या जोडीला खरा आवाजही वाऱ्यावर यायचा. जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी उरुग्वेच्या सुआरेझने गोलरेषेवर चेंडू हाताने अडवला. लाल कार्ड, पेनल्टी, आणि घानाचा ग्यान चेंडू ठेवायला पुढे आला.

अंगणात कुणी काही सांगितलं नाही. एकेक करून सगळ्यांनी भोंगे खाली ठेवले. मदालाने आपला पिवळा दोन्ही गुडघ्यांच्या मधे धरला, तोंड खाली करून. कोळसा तडतडलेला मला ऐकू आला. चेंडू आडव्या दांड्यावर आदळून वर गेला. पुढे शूटआउटमध्ये अब्रेऊने हलकेच उचलून शेवटचा घातला आणि उरुग्वे जिंकली, तरी कुणी भोंगा उचलला नाही. मदाला टीव्ही बंद करायला उठला तेव्हा त्याचा भोंगा घरंगळून निखाऱ्यांपाशी गेला, मी पायाने अडवला.

तुमच्याकडे अडीच वाजून गेले असतील. जागे होतात हे मला माहीत आहे, आईने सांगितलं. म्हणून विचारते, ग्यान धावत निघाला तेव्हा टीव्हीत घूं चालू होतं की थांबलं होतं? आमच्या अंगणातल्या शांततेत मला ते नीट कळलंच नाही. आठवून लिहा.

तुमची
थोरली