आधी चालकाची बैठक, मग गाडीचा सांगाडा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरच्या गॅरेजमध्ये बांधल्या जाणाऱ्या वेगविक्रमी गाड्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख मी दोनदा वाचला. इंजिन, टर्बो, गिअरचे गुणोत्तर आणि वाऱ्याचा रोध यांविषयी लेखकाने मन लावून लिहिले आहे. मात्र चालक ज्या सीटवर बसणार आणि ज्या पट्ट्यांनी बांधला जाणार, त्यांचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात एकाच वाक्यात येतो. गाडी पूर्ण झाल्यावर चांगल्या प्रतीची सीट आणि हार्नेस, म्हणजे चालकाला बांधणाऱ्या पट्ट्यांचा संच, बसवून घ्यावा, असे ते वाक्य आहे. त्यातल्या ‘गाडी पूर्ण झाल्यावर’ या शब्दांना माझा आक्षेप आहे. मित्रांच्या अशा गाड्यांच्या रोल केजचे, म्हणजे चालकाभोवतीच्या पाइपांच्या संरक्षक पिंजऱ्याचे, वेल्डिंग मी अनेक वर्षे केले आहे, आणि सीट व पट्टे यांतल्या ज्या चुका मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींचे मूळ त्या तीन शब्दांतच होते.

गाडी पूर्ण झाल्यावर पट्टे बसवायला घेतले की, ते कुठून ओढले जावेत हे चालकाचे शरीर ठरवत नाही, जिथे पाइप शिल्लक असेल ती जागा ठरवते. खांद्यामागचा आडवा पाइप आधीच चार बोटे खाली वेल्ड झालेला असतो, कमरेच्या पट्ट्याच्या जागी इंधनाची टाकी आलेली असते, आणि मग पट्टे वळवून, लांबवून, कुठल्या तरी पट्टीला भोक पाडून वेळ मारून नेली जाते. वास्तविक क्रम उलटा हवा. चालकाने पूर्ण पोशाखात, हेल्मेट घालून, मोकळ्या जमिनीवर ठेवलेल्या सीटमध्ये बसावे, त्याच्या खांद्यांची, कमरेच्या हाडांची आणि हेल्मेटच्या माथ्याची उंची मोजावी, आणि त्या मापांभोवती सांगाडा उभा करावा.

पट्ट्यांनी नीट बांधलेले शरीर किती सोसू शकते, हे 10 डिसेंबर 1954 रोजी जॉन पॉल स्टॅप या अमेरिकी हवाई दलातील डॉक्टरांनी स्वतःच्या देहावर दाखवून दिले. न्यू मेक्सिकोतील होलोमन हवाई तळावर रुळांवरून धावणाऱ्या रॉकेटच्या स्लेजवर बसून ते ताशी 1,000 किलोमीटरहून अधिक वेगाला पोहोचले आणि सुमारे दीड सेकंदात थांबले. त्या थांबण्यात त्यांनी गुरुत्वाकर्षणाच्या 46 पटींहून अधिक जोर सोसला. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटून त्यांना काही काळ दिसेनासे झाले, पण ते वाचले आणि पुढे 1999 पर्यंत जगले. त्यांना वाचवले ते घट्ट बांधणीने, म्हणजे शरीर आणि बैठक यांत मोकळी जागाच न ठेवल्याने. ढिलाई असली की गाडी आधी थांबते, आत चालक मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि मग पट्ट्यावर आदळतो. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, हे इंजिनाचा हिशेब करताना सगळ्यांना आठवते. ताशी 320 किलोमीटरने जाणाऱ्या 80 किलोच्या माणसाच्या अंगात ताशी 160 च्या चौपट ऊर्जा असते, हे पट्टा लावताना मात्र विसरले जाते.

ढिलाई कुठून येते, याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. एका मित्राने समोरचे नीट दिसावे म्हणून ॲल्युमिनिअमच्या सीटवर सोफ्याचा मऊ फोम टाकला होता, चांगला वीतभर जाड. तो आत बसला, आम्ही पट्टे इतके आवळले की त्याला बोलणे जड जात होते. मग आम्ही दोघांनी त्याच्या खांद्यांवर हात ठेवून सगळा भार टाकला. फोम दबला, तो खाली गेला, आणि कमरेच्या पट्ट्याखाली माझी चार बोटे सहज शिरली. पट्टा होता तिथेच होता, अंगच त्याच्याखालून निसटले होते. अपघातात हे काम आमच्या दोघांच्या भाराच्या कित्येक पट जोराने होते आणि दबलेला मऊ फोम शरीराला उसळीही देतो. सीट उंच हवी असेल तर ती धातूच्या आधारावर उंच करावी, आणि अंगाचा आकार घ्यायचा असेल तर दोन द्रव मिसळून फुगणाऱ्या कडक फोमचा साचा पिशवीत ओतून घ्यावा. तो ओतताना चालक रोजच्या शर्टात बसला तर साचा चुकतो, कारण आगरोधक पोशाखाची जाडी आणि मानेच्या आधाराचे उपकरण यांमुळे पाठ आणि खांदे पुढे येतात. तो फोम पॉलियुरेथेनचा असेल तर जळताना अतिशय विषारी धूर सोडतो, म्हणून त्यावर आगरोधक कापड चढवणे आवश्यक आहे.

खांद्याच्या पट्ट्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. ते खांद्यावरून मागे जवळपास आडवे जायला हवेत. मानेच्या आधाराचे उपकरण वापरत असाल तर आडव्यापासून खाली 20 अंशांपर्यंत. ते मजल्याकडे तीव्र उताराने नेले तर शरीर पुढे जाऊ पाहताना पट्टे खांद्यांना खाली दाबतात आणि तो सगळा दाब मणक्यांवर येतो. पट्टा लांब ठेवण्याचाही तोटा आहे. ओढ बसली की पट्ट्याचे कापड ताणले जाते आणि ते लांबीच्या प्रमाणात ताणले जाते. समजा ते दहा टक्के ताणले गेले, तर 30 सेंटिमीटरचा पट्टा 3 सेंटिमीटर सैल होईल आणि मीटरभर लांबीचा 10 सेंटिमीटर. एवढ्या अंतरात हेल्मेट आणि पाइप यांची गाठ पडू शकते. म्हणून आडवा पाइप सीटच्या लगेच मागे हवा आणि सीटची खिडकी, जिच्यातून पट्टा बाहेर येतो, तिची कड गोल करून तिला रबर लावलेले हवे. कापलेल्या ॲल्युमिनिअमची कड पट्ट्याला सुरीसारखी लागते.

कमरेचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा, आणि मांडी व पोट यांच्या घडीतून तो खाली-मागे जायला हवा. विक्रमी गाडीत हा मुद्दा साध्या शर्यतीच्या गाडीहून अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण वाऱ्याला कमी तोंड द्यावे म्हणून चालकाला जवळजवळ आडवे झोपवलेले असते आणि आडवा माणूस पट्ट्याखालून पायांकडे सरकण्याचा धोका अधिक असतो. जांघेतून जाणारे पट्टे त्यासाठी असतात. ते बकल खाली धरून ठेवतात. आवळण्याचा क्रमही त्यातूनच ठरतो. आधी कमर, मग जांघ, शेवटी खांदे. खांदे आधी ओढले की बकल वर चढते आणि कमरेचा पट्टा मऊ पोटावर येऊन बसतो.

पट्टे आणि सीट दोन्ही एकाच मुख्य सांगाड्याला जोडलेली असावीत, पातळ पत्र्याला नव्हे, म्हणजे सांगाडा वाकला तरी दोन्ही एकत्र हलतील. ब्रॅकेट ओढीच्या दिशेत असावे; तिरके राहिले तर पट्टा एका कडेला गोळा होतो आणि कडेपासून फाटू लागतो. बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला असेल तर उत्तम. वेगविक्रमाच्या धावा जिथे होतात त्या मिठाच्या मैदानावर धावून आल्यावर बकल, बोल्ट आणि कापड गोड्या पाण्याने धुतले पाहिजे, कारण खार धातू खातो आणि वाळलेले मिठाचे कण कापडाचे धागे घासतात.

इथे खर्चाचा प्रश्न येतो, तो मी टाळत नाही. एसएफआय या अमेरिकी सुरक्षा-मानक संस्थेच्या प्रमाणपत्राचे पट्टे निर्मितीच्या तारखेपासून दोन वर्षांनी बदलावे किंवा पुन्हा प्रमाणित करून घ्यावे लागतात, एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरशर्यत महासंघाच्या प्रमाणपत्राच्या पट्ट्यांची मुदत साधारण पाच वर्षे असते. वर्षातून एकदाच धावणाऱ्या गाडीसाठी हे जाचक वाटते, हे मला मान्य आहे. पण ऊन कापडाची ताकद चोरते आणि ती चोरी डोळ्यांना दिसत नाही. जुना पट्टा स्वस्तात विकणाऱ्याकडून तो घेऊ नये आणि एकदा अपघात सोसलेला पट्टा तर दुसऱ्याला देऊही नये.

मानेचे उपकरण अजूनही काही जण ऐच्छिक समजतात, याचे मला फार वाईट वाटते. मिशिगन स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी हेल्मेटला खांद्यांवरच्या आधाराशी बांधून ठेवणारे ‘हान्स’ हे उपकरण 1980 च्या दशकातच तयार केले होते. तरीही शर्यतींच्या जगाला ते सक्तीचे वाटायला 18 फेब्रुवारी 2001 उजाडावे लागले. त्या दिवशी अमेरिकेतील डेटोनाच्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत नामवंत शर्यतपटू डेल अर्नहार्ट यांचा कवटीच्या तळाचे हाड मोडून मृत्यू झाला. धड पट्ट्यांनी जागीच धरले जाते आणि हेल्मेटसह डोके पुढे झेपावते. जितके धड घट्ट, तितका मानेवरचा ताण मोठा. म्हणजे पट्टे उत्तम बसवूनही हे उपकरण न लावणे हे अर्धेच काम होय.

मैदानावर भिंत नसते, म्हणून हे सारे अतिशयोक्त आहे, असे मला एकदा सांगण्यात आले. उघड्या मैदानावरचा अपघात बहुधा गिरक्या आणि कोलांट्यांचा असतो आणि तो सेकंदामागून सेकंद चालतो. ब्रिटिश वेगविक्रमवीर डोनाल्ड कॅम्पबेल यांची ‘ब्लूबर्ड’ ही गाडी 1960 मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी 550 किलोमीटरहून अधिक वेगात उधळली. ते वाचले, पण कवटी मोडली. कोलांटीत हात बाहेर फेकले जातात, म्हणून हातांना आवर घालणारे पट्टे लागतात, आणि डोके बाजूला झुकू नये म्हणून सीटला दोन्ही कानांशी आधार लागतो.

आणि हे सगळे आवळून झाल्यावर चालकाचा हात गाडीचा वेग रोखणाऱ्या पॅराशूटच्या दांड्याला, इंजिन बंद करण्याच्या बटणाला आणि अग्निशामकाच्या खिट्टीला पोहोचतो का, ते पाहिले पाहिजे. माझ्या मित्राच्या गाडीत तो दांडा दोन बोटे दूर राहिला होता. सैल पट्ट्यांत तो सहज हाती लागत असे, म्हणून हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. आम्ही दांडा मागे सरकवून पुन्हा वेल्ड केला. त्यानंतर त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधून, हातमोजे घालायला लावून, त्याला एकट्याला बाहेर यायला सांगितले. पहिल्या खेपेला बकल सुटले, पण हाताच्या आवराचा पट्टा अडकला आणि तो बाहेर येऊ शकला नाही. सहाव्या खेपेला तो न अडकता बाहेर आला, आणि मगच आम्ही गाडी ट्रेलरवर चढवली.

आपला,
एक नियमित वाचक