बारावीनंतरचे दोन महिने वाया का घालवायचे?

महोदय,

रात्रशाळेतून किंवा सतरा नंबरचा (खासगी विद्यार्थ्यांचा) फॉर्म भरून बारावी झालेल्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांचे निकालाच्या दिवशी भरपूर कौतुक होते. पण कॉलेजात गेल्यावर पहिल्याच सत्रात त्यांतले अनेकजण गळतात. परीक्षा मार्चमध्ये आटोपते आणि प्रवेशाची धावपळ मेच्या निकालानंतर सुरू होते. मधल्या काळात त्यांच्याकडे कोणीच पाहत नाही. एप्रिलच्या मध्यापासून रात्रशाळांतच सहा आठवड्यांचा तयारी वर्ग घ्यावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी दोन-दोन तास धरले तर ३६ तास होतात. तेवढे पुरतात.

त्यांतले सहा तास कागदपत्रांना द्यावेत. विवाहित विद्यार्थिनींच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव असते आणि आधारवर सासरचे. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल हाताशी नसेल तर प्रवेश तिथेच अडतो, आणि ही दोन्ही कामे एका दिवसात होत नाहीत. शिक्षणात खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, हेही एप्रिलमध्येच मार्गी लावावे. आधारला कोणता मोबाइल नंबर जोडला आहे तेही पाहून ठेवावे. बाई सायबर कॅफेत फॉर्म भरायला बसलेली असते आणि ओटीपी जातो कामावर गेलेल्या मुलाच्या फोनवर. त्याने फोन उचलेपर्यंत मुदत संपते आणि फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. म्हणून नंबर स्वतःचा हवा, ईमेल स्वतःचा हवा, आणि पासवर्ड वहीत लिहिलेला हवा.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि ती प्रवेशाआधीच कागदावर मांडली पाहिजे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार लेखी विषयाचे एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास शिकवणे. सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात, म्हणजे किमान ३०० तास. पंधरा आठवड्यांत ते बसवायचे तर आठवड्याला वीस तास नुसते वर्गात जातात. प्रात्यक्षिक असेल तर क्रेडिटमागे तास दुप्पट. ज्याची ड्यूटी दहा तासांची आहे आणि येण्याजाण्यात दोन तास मोडतात, त्याने ७५ टक्के हजेरीच्या कॉलेजात नाव घालण्यापूर्वी हा हिशेब करावा. त्याला सकाळचे कॉलेज झेपेल की मुक्त विद्यापीठ, हे त्यातूनच कळते. एक वर्ष पूर्ण करून थांबावे लागले, तरी मिळवलेली क्रेडिट्स ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या ऑनलाइन खात्यात सात वर्षांपर्यंत राहतात, ही माहितीही त्याला आधीच मिळायला हवी. अडचण आली की नाव काढून घेणे हा एकच मार्ग आहे, असे अनेकांना वाटते.

सर्वांत जास्त, म्हणजे बारा तास, लिहिण्याला द्यावेत. बारावीपर्यंत गाइडमधले प्रश्नोत्तर पाठ करून निभावते. कॉलेजात दोन-तीन पाने सलग, स्वतःच्या वाक्यांत लिहावी लागतात. वर्षानुवर्षे पेन फक्त सहीपुरते धरलेला हात वीस मिनिटांत भरून येतो, अक्षर फुटते आणि शेवटचे दोन प्रश्न राहून जातात. पहिल्या आठवड्यात १५ मिनिटे सलग लिहायला लावावे आणि दर आठवड्याला पाच-सहा मिनिटे वाढवत ४५ पर्यंत न्यावे. सोबत टिपणांची सवय लावावी. वीस मिनिटांचे व्याख्यान ऐकवावे, समासात फक्त मुख्य शब्द टिपायला सांगावेत, आणि त्याच रात्री त्यावरून अर्धे पान लिहून आणायला सांगावे. फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवण्याची सवय सुटायला तीन आठवडे तरी लागतात, त्यामुळे इथे घाई करू नये.

इंग्रजीसाठी आठ तास. व्याकरणात ते घालवू नयेत. निवडलेल्या विषयाचे रोज दहा शब्द, मराठी प्रतिशब्दासह. वाणिज्यवाल्याला ‘नावे-जमा’ नीट समजत असते, फक्त पुस्तकातल्या ‘डेबिट-क्रेडिट’शी त्याची गाठ बसलेली नसते.

मोबाइलला सहा तास. यावर आम्ही अडून बसतो, कारण अंतर्गत गुण इथेच जातात. प्रकल्पाच्या पानांचे सात वेगवेगळे फोटो काढले जातात, त्यांतल्या दोन फोटोंवर हाताची सावली. ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले की काम झाले असे वाटते. कॉलेजला मात्र एकच पीडीएफ हवी असते, तीही ठरलेल्या आकाराच्या आत. स्कॅन करणे, पाने एकत्र जोडणे, फाइलला नाव व हजेरी क्रमांक देणे आणि अपलोड झाल्याची खात्री करणे, हे प्रत्येकाने स्वतःच्या फोनवर तीनदा करून दाखवावे. शेजारच्याने करून दिलेले धरू नये.

उरलेल्या चार तासांत जवळच्या कॉलेजची एक फेरी व्हावी. कार्यालय, ग्रंथालय, परीक्षा विभाग, सूचना फलक सगळे पाहून यावे. खिडकीपाशी कसे विचारायचे या संकोचापायी माणसे परीक्षा फॉर्मची तारीख चुकवतात.

शिक्षण विभागाने या ३६ तासांचे मानधन मंजूर करावे. कॉलेजांनी जून ते ऑगस्टपर्यंत आठवड्यातून एक दिवस कार्यालय आणि ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडे ठेवावे. नोकरी करणाऱ्याला दुपारी तीनला बंद होणाऱ्या खिडकीपर्यंत पोहोचायचे तर दिवसाची मजुरी बुडवावी लागते.

— रात्रशाळेतील काही शिक्षक, मुंबई