क्लीज यांची चाल नको, लिहिण्याची रीत उचला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ब्रिटिश विनोदी नट-लेखक जॉन क्लीज यांच्यावरचा लेख वाचला. त्यात त्यांची उंची, ती चमत्कारिक चाल आणि 'माँटी पायथन' हा त्यांचा विनोदी चमू यांनीच बहुतेक जागा घेतली आहे. 'फॉल्टी टॉवर्स' या हॉटेलात घडणाऱ्या त्यांच्या विनोदी टीव्ही मालिकेवर जेमतेम एक परिच्छेद आहे आणि त्यात कॉनी बूथ यांचे नावसुद्धा नाही. या मालिकेचे बाराही भाग दोघांनी मिळून लिहिले, पहिले सहा १९७५ साली आले, उरलेले १९७९ साली. मध्ये १९७८मध्ये त्यांचा घटस्फोट झाला, तरी लेखनातली जोडी तुटली नाही. हॉटेलातली वेट्रेस पॉली म्हणजे बूथच.

पुरुषोत्तम करंडकाची तयारी करणारी मुले असा लेख वाचून क्लीज यांची चाल उचलतात आणि एकांकिका आपटते. अर्ध्या तासाच्या एका भागाला हे दोघे सुमारे सहा आठवडे घेत. आधी नुसते कथानक रचायचे, संवादांना हात नंतर.

'गूर्मे नाइट' हा भाग पाहा. सुरुवातीलाच हॉटेलमालक बेसिल (म्हणजे क्लीज) पैसे वाचवण्यासाठी मोटार गॅरेजला न नेता स्वतः खटपट करतो. प्रेक्षक ते कंजूषपणात जमा करून विसरतात. मेजवानीच्या रात्री आचारी दारू पिऊन आडवा, म्हणून जेवण दुसऱ्या हॉटेलातून आणायचे. तिथून आणलेले पहिले बदक स्वयंपाकघरात जमिनीवर पडून वाया जाते. दुसऱ्या खेपेला मोटार बंद पडते. तेव्हा बेसिल तिला दम देतो, तीन अंक मोजतो, चौकटीबाहेर जाऊन झाडाची फांदी घेऊन येतो आणि तिला बडवतो. फांदी हशा मिळवते ती आधीच्या वीस-पंचवीस मिनिटांच्या जोरावर. शिवाय तो दम आणि ती मोजणी काढून थेट मारहाण ठेवली, तर उरतो नुसता धिंगाणा.

आपल्याकडचे फार्स फसतात ते इथेच. पाचव्याच मिनिटाला सगळे किंचाळू लागतात, मग वर चढायला पायरीच राहत नाही. दुसरे म्हणजे नायकाला गमावण्यासारखे काही नसते. बेसिलला बायकोची, सिबिलची, खरी धास्ती आहे, म्हणून त्याचे प्रत्येक खोटे पुढचे खोटे मागते.

संहिता लिहिण्याआधी एक तक्ता करावा. प्रत्येक प्रवेशासमोर पात्र कुठे आहे, त्याला काय ठाऊक आहे, काय लपवायचे आहे आणि ते कोणत्या विंगेतून येणार, हे चार रकाने पुरतात. क्लीज यांच्या हाताशी संकलन होते, एकेका भागावर त्यासाठी वीस-पंचवीस तास खर्च होत. रंगमंचावर ती सोय नाही. मागून एका विंगेतून दुसरीकडे पोचायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा आणि तेवढे संवाद मध्ये ठेवा. कपडे बदलायचे असतील तर ती वेळ वेगळी धरा, ती नेहमी विसरली जाते.

मारामारीची तालीम कमी वेगात, रोज. वेटर मॅन्युएल झालेल्या अँड्र्यू सॅक्स यांना एका प्रसंगात खरा धातूचा तवा लागला होता; दुसऱ्या एका प्रसंगात कोटातून धूर निघावा म्हणून लावलेल्या रसायनाने त्यांना भाजले. बीबीसीच्या स्टुडिओत हे होऊ शकते, तर महाविद्यालयाच्या हॉलमध्ये अंगावरच्या कपड्यांतून धूर काढण्याच्या फंदात पडू नये. धूर विंगेतूनच सोडावा.

— काही नाट्यप्रेमी, सदाशिव पेठ, पुणे